न्यायमूर्ति रिव्हार आणि क्वेबेकची फ्रेंच बोली

कायदेपंडित म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें जाडजूड ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें, काळा झगा आणि कोर्टांतील वादविवाद हीं उभीं राहतात. अशा मनुष्यानें आपल्या आयुष्यांतील कित्येक वर्षें शेतकऱ्यांच्या, नावाड्यांच्या व लांकूडतोड्यांच्या तोंडचे शब्द टिपून घेण्यांत घालवावीं, हें प्रथमदर्शनीं थोडें चमत्कारिकच वाटेल. परंतु न्यायासनावर बसलेल्या पुरुषांनीं भाषेची सेवा केल्याचीं उदाहरणें आपल्या महाराष्ट्रांतही आहेत. न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. आज ज्यांची हकीकत सांगावयाची आहे ते आद्जुतोर रिव्हार हे कानडा देशांतील न्यायाधीश. फरक एवढाच कीं, त्यांनीं हातीं घेतलेली भाषा ग्रंथांतली नव्हती. चुलीजवळ बसून बोलली जाणारी, आणि म्हणून पुष्कळ शिकलेल्या माणसांना लाज आणणारी, अशी ती भाषा होती.

रिव्हार यांचें कार्य समजण्यास त्यांच्या देशाचा इतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे. सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं शांप्लें नामक फ्रेंच प्रवाशानें १६०८ सालीं क्वेबेक शहराची स्थापना केली. त्यानंतर दीडशें वर्षें फ्रान्समधून लोक येऊन तेथें वसाहत करीत राहिले. १७५९ मध्यें क्वेबेकच्या तटाबाहेरील पठारावर इंग्रजांनीं फ्रेंचांचा पराभव केला, आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहानें तो सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला. फ्रेंच अंमलदार व पुष्कळसे बडे लोक मायदेशीं परत गेले. मागें राहिली ती मुख्यतः शेतकरी मंडळी, त्यांचे पाद्री, आणि थोडेसे कारागीर व नोटरी. त्यांची संख्या साठ-सत्तर हजारांच्या घरांत होती. फ्रान्सशीं त्यांचा नित्याचा संबंध या वेळेपासून तुटला, आणि ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें लढाईपेक्षांही महत्त्वाची आहे.

इंग्रजांनीं १७७४ च्या कायद्यानें या लोकांना त्यांचा जुना फ्रेंच दिवाणी कायदा परत दिला. भाषेची गोष्ट मात्र अधिक बिकट झाली. लॉर्ड डरहॅम यांनीं १८३९ सालीं आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. इतिहास व वाङ्मय नसलेले लोक असा त्यांत या समाजाचा उल्लेख आहे. पुढच्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें विधिमंडळाचे लेख केवळ इंग्रजींत ठेवण्याचें ठरलें. हा निर्बंध १८४८ मध्यें काढून टाकण्यांत आला. १८६७ मध्यें कानडाचें संघराज्य झालें, तेव्हां केंद्राच्या आणि क्वेबेकच्या विधिमंडळांत व न्यायालयांत दोन्ही भाषांना स्थान मिळालें. हे झाले कायदे. पण व्यापार, कारखाने, आगगाडी हीं सर्व बहुतेक इंग्रजांच्या हातीं असल्यामुळें नोकरीची व प्रतिष्ठेची भाषा इंग्रजीच राहिली. शिवाय इंग्रजी बोलणारे शेजारी या लोकांना टोमणा मारीत कीं, तुम्ही बोलतां ती खरी फ्रेंच नव्हेच. खरी फ्रेंच पॅरिसची, तुमची ही एक गांवढळ अपभ्रष्ट बोली! मौजेची गोष्ट अशी कीं, हें म्हणणाऱ्यांपैकीं बहुतेकांना पॅरिसचीही फ्रेंच येत नसे. पण टोमणा वारंवार ऐकला म्हणजे तो ऐकणाऱ्यासच खरा वाटूं लागतो. फ्रेंच बोलणाऱ्या सुशिक्षितांनाही आपल्या आईबापांच्या शब्दांची लाज वाटूं लागली.

अशा काळांत, २२ जानेवारी १८६८ रोजीं, निकोले भागांतील सँ-ग्रेग्वार या गांवीं रिव्हार यांचा जन्म झाला. क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठांत त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला आणि १८९१ सालीं ते वकील झाले. सुरुवातीचीं कांहीं वर्षें त्यांनीं सॅगने नदीवरील शिकुतिमी या दूरच्या गांवीं वकिली केली; नंतर ते क्वेबेक शहरांत येऊन स्थायिक झाले. त्यांची पहिली आवड होती ती शुद्ध उच्चारांची व वक्तृत्वाची. १८९८ मध्यें त्यांनीं भाषणकलेवर एक ग्रंथ लिहिला, आणि १९०१ मध्यें उच्चारशास्त्रावर एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें. म्हणजे, शब्द कसा उच्चारावा हें शिकविणारा हा गृहस्थ होता. नीट उच्चार शिकवावयाचा तर लोक प्रत्यक्ष काय उच्चारतात हें बारकाईनें ऐकावें लागतें. आणि ऐकतां ऐकतां, आपण ज्यांना चुका म्हणतों त्यांतही कांहीं नियम आहे, कांहीं वंशावळ आहे, अशी शंका चौकस मनांत येतेच. रिव्हार यांच्या मनाचा हा पालट नेमका कोणत्या दिवशीं झाला हें सांगण्याचें कारण नाहीं. त्यांच्या पुस्तकांच्या क्रमावरूनच तो दिसतो.

लाव्हाल विद्यापीठाच्या आश्रयाखालीं १९०२ च्या फेब्रुवारींत ‘कानडांतील फ्रेंच बोलीची मंडळी’ स्थापन झाली. तिचे दोन प्राण म्हणजे वकील रिव्हार आणि स्तानिस्लास-आल्फ्रेद लोर्ती हे तरुण धर्मगुरु. दोघेही जेमतेम तीस-चौतीस वर्षांचे. मंडळीच्या नांवांतील ‘बोली’ हा शब्द त्यांनीं मुद्दाम निवडला होता. ‘भाषा’ म्हटलें असतें तर केवळ ग्रंथांचा विचार झाला असता. ‘गांवढळ बोली’ या अर्थाचा शब्द घेतला असता तर शेजाऱ्यांचा टोमणा आपणच मान्य केल्यासारखें झालें असतें. म्हणून, लोक जें बोलतात तें, एवढाच अर्थ देणारा साधा शब्द घेतला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून मंडळीचें नियतकालिक निघूं लागलें व तें १९१८ पर्यंत चाललें. रिव्हार हे मंडळीचे चिटणीस होते. सभेंतील चिटणीसाचें काम कसें असतें हें ज्या पालकांना ठाऊक आहे त्यांना निराळें सांगावयास नको: पत्रें, हिशेब, छापखाना, आणि बाकीच्यांनीं अर्धवट टाकलेलें सर्व कांहीं.

पहिला प्रश्न असा होता कीं, ही बोली आली कोठून? या प्रश्नाचें उत्तर लोर्ती यांनीं मोठ्या चिकाटीनें शोधलें. आबे तांगे नांवाच्या धर्मगुरूनें चर्चमधील जन्म, विवाह व मृत्यु यांच्या नोंदवह्या पाहून सर्व फ्रेंच कानडी घराण्यांची वंशावळ १८७१ ते १८९० या काळांत सात खंडांत छापली होती. मुख्यतः तिच्या आधारानें लोर्ती यांनीं १६०८ ते १७०० पर्यंत फ्रान्सहून आलेल्या ४,८९४ माणसांचे मूळ प्रांत ठरविले. त्यांपैकीं ९५८ एकट्या नॉर्मंडीचीं निघालीं. त्यांच्या खालोखाल पॅरिसच्या भोंवतालचा प्रांत, पुआतू, ओनी, सेंतोंज व पर्श यांचे लोक. म्हणजे फ्रान्सच्या उत्तर व पश्चिम भागांतून हा प्रवाह आला होता. रिव्हार यांनीं याच पायावर बोलीचें विवेचन केलें, आणि दोघांचा हा संयुक्त ग्रंथ १९०३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा: येथें आलेले लोक आपापल्या प्रांतांच्या बोली घेऊन आले; नव्या मुलखांत शेजारीं शेजारीं राहतांना त्या बोली एकमेकींत मिसळल्या व पॅरिसकडील फ्रेंचनें त्यांवर मात केली; पण जातां जातां त्यांनीं आपले शब्द आणि उच्चार मागें ठेवले. या निष्कर्षाच्या तपशिलाविषयीं पंडितांत पुढेंही वाद चालूच राहिला. १९८४ मध्यें फिलिप बार्बो यांनीं या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु टोमण्याला उत्तर देण्यापुरतें पाहिलें तर मुख्य गोष्ट तेव्हांच सिद्ध झाली होती. ही बोली फ्रेंचचा नाश होऊन उरलेला चोथा नव्हता. ती सतराव्या शतकांतील फ्रेंचचीच एक शाखा होती.

आतां कांहीं शब्दच पाहूं, कारण खरी गोडी त्यांत आहे.

क्वेबेकचा हिवाळा फार कडक. जमिनीवर पडलेलें भुसभुशीत बर्फ वाऱ्यानें उडून चोहोंकडे धुरळा होतो, पुढचें दिसेनासें होतें. त्याला तेथील लोक ‘पूद्रेरी’ म्हणतात. फ्रान्समध्यें याच शब्दाचा अर्थ बंदुकीच्या दारूचा कारखाना! मुळांत ‘पूद्र’ म्हणजे भुकटी. फ्रान्समध्यें लोकांना भुकटी म्हटली कीं दारूगोळा आठवला, आणि कानडांत बर्फ. आतां यांत चूक कोणाची? पॅरिसला असा वादळी बर्फाचा धुरळा क्वचितच पाहावयास मिळतो. त्याला शब्द तरी कोठून असणार?

दुसरें उदाहरण. क्वेबेकचा शेतकरी गाडींत बसावयाचें असलें म्हणजे ‘आंबार्के’ म्हणतो, म्हणजे शब्दशः जहाजावर चढणें. आणि उतरावयाचें तर ‘देबार्के’, म्हणजे जहाजावरून उतरणें. घोडा खुंटाला बांधावयाचा तर तो ‘आमारे’ हें क्रियापद वापरतो, जें एरवीं गलबत दोरानें धक्क्याला बांधण्याविषयीं योजतात. शहरी पाहुण्यास याचें हसूं येई. पण या लोकांचे पूर्वज समुद्रकांठच्या प्रांतांतून आले, आठ-आठ आठवडे जहाजांत राहिले, आणि येथें उतरल्यावर त्यांचा हमरस्ता म्हणजे नदीच होती. वाडे, शेतें, चर्च, सगळीं नदीच्या तोंडाकडे तोंड करून बांधलेलीं. पुढें रस्ते झाले, गाड्या आल्या, तरी जिभेवरचें पाणी कांहीं आटलें नाहीं.

दाराला कुलूप लावण्यास ते ‘बारे’ म्हणतात, म्हणजे अडसर घालणें. अडसर जाऊन कुलूप आलें, शब्द मात्र तोच राहिला. दगड भिरकावण्यास ‘गारोशे’, हा फ्रान्सच्या पश्चिमेकडील शब्द. पिपाच्या तोटीला ‘शांप्लूर’ म्हणतात. नॉर्मंडींत हा शब्द त्याच रूपानें आढळतो. दुपारचें जेवण ‘दीने’ व रात्रीचें ‘सूपे’, ही जुनी व्यवस्था. पॅरिसमधील लोकांनीं आपलीं जेवणें उशिरां उशिरां घेत शेवटीं दुपारचें नांव रात्रीच्या जेवणास दिलें, आणि मग ज्यांनीं जुनी व्यवस्था पाळली त्यांनाच अडाणी ठरविलें!

उच्चारांतही असेंच. ‘मी’ या अर्थाचा जो फ्रेंच शब्द पॅरिसला ‘म्वा’ असा उच्चारतात तो क्वेबेकच्या खेड्यांत ‘म्वे’ असा ऐकूं येई. हा अडाणीपणा म्हणावा, तर अठराव्या शतकापर्यंत फ्रान्सच्या राजदरबारांतही ‘म्वे’ हाच उच्चार शिष्ट समजला जात असे. राज्यक्रांतीनंतर शहरी लोकांचा ‘म्वा’ वर चढला. परंतु त्यापूर्वींच १७६३ मध्यें क्वेबेकचा फ्रान्सशीं संबंध तुटला होता. नवा उच्चार समुद्र ओलांडून वेळेवर पोंचलाच नाहीं. जो शेतकरी ‘म्वे’ म्हणे तो राजाप्रमाणें बोलत होता, त्याला तें ठाऊक नव्हतें इतकेंच.

याशिवाय मूळच्या रहिवाशांकडून घेतलेले शब्द आहेत. मोठ्या बेडकाला ‘वावारों’ म्हणतात. हा ह्यूरन लोकांचा शब्द असून त्या बेडकाचा आवाज ज्यानें ऐकला असेल त्याला अर्थ सांगावा लागत नाहीं. आणि इंग्रजीकडून आलेलेही शब्द आहेतच. वसंत ऋतूंत नद्या वितळल्या म्हणजे लांकडाचे ओंडके प्रवाहांतून हांकून नेत, त्या धंद्याला ‘द्राव्ह’ म्हणत. हें इंग्रजी ‘ड्राइव्ह’. प्रॉटेस्टंट लोकांच्या प्रार्थनामंदिरास ‘मितेन’ म्हणत. हा शब्द ‘मीटिंग-हाउस’ मधील ‘मीटिंग’ पासून झाला. पण फ्रेंचमध्यें ‘मितेन’ म्हणजे आधींपासूनच हातमोजा. तेव्हां शेजारच्या पंथाचे लोक दर रविवारीं हातमोज्यांत जाऊन प्रार्थना करीत, असें फ्रेंच मुलांना वाटत असल्यास नवल नाहीं.

असे हजारों शब्द मंडळीनें गोळा केले. ते कसे केले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे, कारण येथेंच वकील रिव्हार व भाषाभ्यासक रिव्हार एकत्र आले असें मला वाटतें. त्याच सुमारास फ्रान्समध्यें जिल्येरों नांवाच्या पंडिताचा भाषिक नकाशांचा प्रचंड ग्रंथ छापला जात होता. त्याचा सहकारी एद्मों यानें १८९७ ते १९०१ या चार वर्षांत ६३९ गांवें स्वतः हिंडून तेथील बोली ऐकून लिहून घेतली होती. कानडाच्या अफाट प्रदेशांत असें करण्यास मंडळीजवळ ना पैसा होता ना एद्मोंसारखा मोकळा माणूस. म्हणून त्यांनीं दुसरा मार्ग धरला. शब्दांच्या याद्या छापून त्या गांवोगांवींच्या सभासदांकडे व वार्ताहरांकडे पाठवावयाच्या: हा शब्द तुमच्याकडे आहे काय? कोणत्या अर्थानें? उच्चार कसा? कोण वापरतो? उत्तरें आलीं कीं तीं ताडून पाहावयाचीं; मग शब्दकोशाचा कच्चा मसुदा नियतकालिकांत भागशः छापावयाचा व वाचकांनीं त्यावर आक्षेप घ्यावे, भर घालावी, अशी विनंति करावयाची. धर्मगुरु, डॉक्टर, शिक्षक, नोटरी अशा लोकांनीं हें काम बिनमोल केलें.

कोर्टांत एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावर निकाल देण्यास न्यायाधीश कचरतो. साक्षीदार काय म्हणाला, त्यानें तें स्वतः ऐकलें कीं दुसऱ्यानें सांगितलें, दुसऱ्या गांवचा साक्षीदार त्याला दुजोरा देतो काय, आणि कागदोपत्रीं आधार कोणता, हें तो पाहतो. मंडळीच्या कोशांतील नोंदी पाहिल्या तर हीच पद्धत दिसते. शब्दाचे क्वेबेकमधील अर्थ आधीं देतात. मग तोच शब्द फ्रान्सच्या कोणत्या प्रांतांच्या बोलींत त्याच अर्थानें सांपडतो तें. जुन्या फ्रेंच ग्रंथांत असल्यास तें. आणि इंग्रजीपासून आलेला असेल तर तेंही. एका एका शब्दाचें जणूं जन्मपत्रच. ज्याला हिणवीत होते त्याच्या हातीं त्याच्या कुळाचा दाखला आला.

आपल्याकडे यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींनीं १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड प्रसिद्ध केले, त्यांतही निरनिराळ्या प्रांतांतील व धंद्यांतील बोलीचे शब्द घेतले आहेत. कोंकणांतून किंवा वऱ्हाडांतून शहरच्या शाळेंत आलेल्या मुलाच्या बोलण्यास वर्गांत हंशा पिकतो, हें दृश्य आईबापांना अपरिचित नसेल. त्या मुलाचा शब्द कोशांत आहे कीं नाहीं, हें हंसणाऱ्यांपैकीं कोणी उघडून पाहिलेलें नसतें.

असो. १९०६ मध्यें रिव्हार यांनीं बोस्टन विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स गेडीज यांच्या सहकार्यानें या बोलीवर तोंपर्यंत झालेल्या सर्व लेखनाची सूची प्रसिद्ध केली. गेडीज हे इंग्रजी बोलणारे अमेरिकन. पण बे दे शालर या उपसागराच्या कांठच्या फ्रेंच बोलीचा त्यांनीं स्वतः अभ्यास केला होता. म्हणजे टोमणे मारणारे जसे इंग्रजी बोलणारे होते तसेच कष्ट घेणारेही होते, हें सांगितलें नाहीं तर अन्याय होईल.

१९१० मध्यें क्वेबेकच्या विधिमंडळानें आर्मां लाव्हेर्ञ यांच्या पुढाकारानें एक कायदा केला. त्यानें आगगाडी, तारखातें, वीज अशा सार्वजनिक सोयी पुरविणाऱ्या कंपन्यांवर, आपलीं तिकिटें व कागद इंग्रजीप्रमाणें फ्रेंचमध्यें छापण्याची सक्ति केली. बहुसंख्य उतारू फ्रेंच असलेल्या प्रांतांत तिकिटावर फ्रेंच छापण्यास कायदा लागावा, यावरून त्या काळच्या स्थितीची कल्पना येईल. १९१२ च्या जून महिन्यांत, २४ पासून ३० तारखेपर्यंत, मंडळीनें क्वेबेक येथें फ्रेंच भाषेची पहिली परिषद भरविली. तिच्या तयारींत रिव्हार यांचा मोठा भाग होता. कानडाच्या इतर प्रांतांतून व अमेरिकेंतूनही प्रतिनिधि आले. योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत शेजारच्या ऑन्टेरिओ प्रांताच्या शिक्षणखात्यानें आपला सतरावा नियम काढला. त्यानें प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांनंतर फ्रेंच माध्यमाला जवळजवळ बंदी केली. मुलांना त्यांच्या आईच्या भाषेंत गणित शिकवावें कीं नाहीं, यावर पंधरा वर्षें झगडा चालला. १९२७ मध्यें तो नियम अखेर गुंडाळण्यांत आला. इकडे परिषदेचे गोडवे गाइले जात असतां तिकडे शाळांवर ही आपत्ति, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें लोर्ती यांचा अकाली मृत्यु. कामाचा अर्धा भार उचलणारा मित्र गेला. ज्या माणसानें चार हजारांवर मृतांचीं गांवें शोधून काढलीं त्याला त्रेचाळिसावें वर्ष पुरें करतां आलें नाहीं.

रिव्हार थांबले नाहींत. १९१४ सालीं त्यांचीं दोन पुस्तकें बाहेर पडलीं. एकांत कानडांतील फ्रेंच बोलींसंबंधीं त्यांचे अभ्यासपूर्ण निबंध होते. दुसरें निराळ्याच वळणाचें होतें. त्याचें नांव ‘शे नू’, म्हणजे ‘आमच्याकडे’, ‘आमच्या घरीं’. खेड्यांतील घर, शेगडी, पाळणा, दारीं आलेला भिकारी, अशा साध्या विषयांवरील हीं लहान लहान शब्दचित्रें आहेत. कोशासाठीं टिपलेले शब्द येथें आपापल्या जागीं, घरच्या माणसांच्या तोंडीं दिसतात. पाळण्याला ते ‘बेर’ म्हणतात. फ्रान्सच्या शिष्ट भाषेंत हा शब्द केवळ जहाजबांधणींत, जहाजाला आधार देणाऱ्या लांकडी चौकटीपुरता उरला आहे. १९१८ मध्यें त्याच धर्तीचें दुसरें पुस्तक आलें. पहिल्याचें इंग्रजी भाषांतर डब्ल्यू. एच. ब्लेक यांनीं १९२४ मध्यें केलें. हे गृहस्थही वकीलच होते. ज्या बोलीला इंग्रजी भाषिक हंसत, तिचें घर आतून पाहण्यास तेच आतां भाषांतर वाचूं लागले.

१९२१ मध्यें रिव्हार क्वेबेक प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाच्या अपील शाखेवर न्यायाधीश नेमले गेले. क्वेबेकच्या न्यायाधीशाला शब्दांचा कस लावण्याचें काम कोर्टांतही टळत नाहीं. तेथील १८६६ ची दिवाणी संहिता फ्रेंच व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होती, आणि दोन्ही पाठ सारखेच अधिकृत होते. दोहोंत फरक आढळला तर जो पाठ पूर्वीच्या कायद्याशीं अधिक जुळतो तो घ्यावा, असा नियम त्याच संहितेंत होता. एका स्वल्पविरामावरून कोणाचें शेत कोणाकडे जाईल याचा भरंवसा नसे! अशा ठिकाणीं शब्दाचा इतिहास जाणणारा न्यायाधीश असणें हें पक्षकारांचें भाग्यच. न्यायाधीश असतांना त्यांनीं मुद्रणस्वातंत्र्यावर एक ग्रंथ १९२३ मध्यें लिहिला, आणि अपील न्यायालयाच्या कार्यपद्धतीवर एक मार्गदर्शक पुस्तक १९४१ मध्यें. म्हणजे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं.

मंडळीचा कोश मात्र अजून व्हावयाचा होता. रिव्हार यांच्यावर न्यायालयाचें काम पडल्यावर हें ओझें मुख्यत्वें लुई-फिलिप जोफ्रिओं यांनीं उचललें. तेही कायद्याचे पदवीधर, आणि विधानसभेच्या कचेरींतील अधिकारी. अखेर १९३० मध्यें, मंडळीच्या स्थापनेनंतर अठ्ठावीस वर्षांनीं, ‘कानडांतील फ्रेंच बोलीचा कोश’ प्रसिद्ध झाला. सातशेंहून अधिक पृष्ठांचा हा एकच खंड; परंतु त्यामागें किती टपाल, किती चिठ्ठ्या आणि किती नांव न छापलेलीं माणसें आहेत!

या कोशांत दोष नाहींत असें नाहीं. मंडळीचे दोन हेतु होते: बोलीचा अभ्यास करणें आणि बोली सुधारणें, आणि हे दोन हेतु नेहमीं एका गाडीला जुंपतां येतात असें नाहीं. नॉर्मंडीच्या शब्दाचें स्वागत करतांना जो उमाळा दिसतो तो इंग्रजीवरून आलेल्या शब्दाविषयीं दिसत नाहीं. शेतकरी व जुनीं घरें यांच्याकडे मंडळीचा कान जितका लागला तितका मॉन्ट्रिऑलच्या गिरण्यांतील मजुरांकडे लागला नाहीं. आणि त्या सुमारास फ्रेंच कानडी समाज तर शेतें सोडून शहराकडे लोटत होता. ‘द्राव्ह’ हा शब्द उसना खरा. पण बर्फाळ पाण्यांत ओंडक्यांवर उभे राहून जीव धोक्यांत घालणारीं माणसें उसनीं नव्हतीं. त्यांच्या शब्दालाही तितक्याच आदरानें दाखला मिळावयास हवा होता. पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनीं ही उणीव बरीच भरून काढली.

१७ जुलै १९४५ रोजीं क्वेबेक येथें रिव्हार यांचा अंत झाला. त्या वेळीं ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. लाव्हाल विद्यापीठानें १९६८ मध्यें कोश पुन्हा छापला. पुढच्या दशकांत त्याच विद्यापीठांत क्वेबेकच्या फ्रेंच शब्दभांडाराचें मोठें संशोधन सुरू झालें. आतां पुस्तकें व वार्ताहर यांबरोबरच जुने नोटरींचे दस्तऐवज, मयत माणसांच्या मालमत्तेच्या याद्या, यांतूनही शब्द वेंचले जाऊं लागले: अमुक विधवेच्या घरीं इतकीं भांडीं, इतक्या गोधड्या, इतकीं अवजारें, आणि प्रत्येकाचें त्या काळचें नांव. गास्तों द्यूलों व गास्तों बेर्जेरों यांचा बोलींचा नकाशाग्रंथ दहा खंडांत १९८० मध्यें निघाला. जें गांवोगांव हिंडणें १९०२ मध्यें मंडळीला परवडलें नव्हतें तें येथें झालें. १९७७ च्या कायद्यानें फ्रेंच ही क्वेबेकच्या कारभाराची, कामाची व शिक्षणाची सर्वसाधारण भाषा ठरली. १९९८ मध्यें क्वेबेकच्या फ्रेंचचा ऐतिहासिक शब्दकोश प्रसिद्ध झाला.

हिवाळ्यांत क्वेबेकच्या हवामानवार्तेंत ‘पूद्रेरी’ हा शब्द आजही ऐकूं येतो, आणि पॅरिसला छापल्या जाणाऱ्या कोशांतही आतां त्याची नोंद आहे: दारूच्या कारखान्याचा अर्थ देऊन झाल्यावर, कानडाचें नांव घालून, उडणाऱ्या बर्फाचा.